गप्प बसलात तर काय होतं? ब्रिटनमधलं चाइल्ड बेनिफिट आणि अवयवदान, सरळ भाषेत

ब्रिटनमधल्या मराठी घरांमध्ये दोन विषय असे आहेत की प्रत्येकाला वाटतं आपल्याला माहितीये, आणि जरा खोदून विचारलं की निम्मं चुकीचं निघतं. एक चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी सरकार दर चार आठवड्यांनी देतं ते पैसे, आणि दुसरं अवयवदानाची नोंद. या दोघांचा काय संबंध असं वाटेल. संबंध असा की दोन्हीकडे कळीचा प्रश्न एकच आहे: तुम्ही काहीच केलं नाही, फॉर्म भरला नाही, हो की नाही काही कळवलं नाही, तर सरकार काय धरून चालतं? पैशांच्या बाबतीत गप्प बसलात तर सरकार धरतं की तुम्हाला नकोयत, आणि अवयवांच्या बाबतीत गप्प बसलात तर धरतं की तुमची हरकत नाही. सरकार एकच, माणूस एकच, आणि गप्प बसण्याचे अर्थ दोन. बरं, दोन्हीकडे हे "धरून चालणं" दिसतं तितकं सरळ नाहीये, तिथेच सगळी गोची आहे.

आधी पैशांचं बघू.

याची सुरुवात झाली ऑगस्ट १९४६ मध्ये, फॅमिली अलाउन्स या नावाने, आठवड्याला पाच शिलिंग, आणि तेही पहिल्या मुलाला नाही, दुसऱ्यापासून पुढे. एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई यासाठी अनेक वर्षं भांडल्या, आणि शेवटी त्यांचं मोठं भांडण हे होतं की पैसे बापाच्या नाही तर आईच्या हातात पडले पाहिजेत. कायदा १९४५ मध्ये झाला, आईच्या नावाने झाला, पण बाई जानेवारी १९४६ मध्ये गेल्या, पहिला हप्ता बघायला राहिल्या नाहीत. पुढे १९७५ च्या कायद्याने चाइल्ड बेनिफिट आलं, १९७७ पासून लागू झालं, आणि पहिल्या मुलालाही मिळायला लागलं. त्याआधी मुलांमुळे इन्कम टॅक्समध्ये जी सूट मिळायची ती बहुतेक घरांत बापाच्या पगारात दिसायची, ती हळूहळू बंद करून तोच पैसा आईने पोस्टात जाऊन घ्यायच्या रकमेत वळवला. म्हणजे घरातल्या घरात पैसा एका खिशातून दुसऱ्या पर्समध्ये गेला, आणि त्यावरून तेव्हा राजकारण्यांना चांगलाच घाम फुटला होता, कारण पगाराची स्लिप कमी दिसली की नवरे मंडळी चिडणार.

आता अलीकडचं. २०२५-२६ या आर्थिक वर्षात पहिल्या किंवा एकुलत्या मुलाला आठवड्याला २६.०५ पाउंड आणि त्यानंतरच्या प्रत्येक मुलाला १७.२५ पाउंड होते. दोन मुलं असतील तर आठवड्याला ४३.३०, त्या वर्षाला साधारण २,२५० पाउंड. दर चार आठवड्यांनी, सहसा सोमवारी किंवा मंगळवारी खात्यात जमा होतात. किती मुलांपर्यंत? कितीही. दोनच मुलांची जी मर्यादा तुम्ही ऐकली असेल ती युनिव्हर्सल क्रेडिटची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या वेगळ्या सरकारी मदतीची, ती २०१७ मध्ये आली आणि एप्रिल २०२६ पासून काढून टाकायचं नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालं, चाइल्ड बेनिफिटला ती कधी नव्हतीच. या दोन गोष्टींची लोक इतकी सरमिसळ करतात की तिसऱ्या मुलासाठी क्लेमच न केलेली घरं सापडतात.

आणि हे आपोआप येत नाही. हॉस्पिटलमध्ये बाळ झालं, एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, माहितीये, जन्माची नोंद झाली, कौन्सिलला माहितीये, हेल्थ व्हिजिटर घरी येऊन वजन करून गेली, पण पैसे देणाऱ्या खात्याला, म्हणजे टॅक्सवाल्या एचएमआरसीला, तुम्ही स्वतः सांगेपर्यंत काही माहीत नाही असंच ते वागणार. ऑनलाइन किंवा ॲपवर क्लेम करायचा, जन्मनोंदणीनंतर दोन दिवसांनी करता येतो, आणि उशीर झाला तर मागचे फक्त तीन महिने मिळतात. बाळंतपणात सहा महिने गेले, मग आठवलं, तर आधीचे तीन महिने गेले ते गेलेच.

इथे बहुतेक आयटीवाले नवरे म्हणतात, "माझा पगार जास्त आहे, आपल्याला मिळत नाही, सोड." हे वाक्य महागात पडतं, म्हणून नीट समजून घ्या.

जानेवारी २०१३ पर्यंत चाइल्ड बेनिफिट सगळ्यांना सारखं होतं, लॉर्डाच्या घरी पण आणि बस ड्रायव्हरच्या घरी पण. मग जॉर्ज ऑस्बोर्न अर्थमंत्री असताना नियम आला की घरातल्या एकाचं उत्पन्न ५०,००० च्या वर गेलं की टॅक्समधून पैसे परत घ्यायला सुरुवात, ६०,००० ला सगळे परत. अकरा वर्षं तो आकडा हलला नाही, पगार आणि महागाई मात्र वाढत गेली, त्यामुळे ज्यांना कोणी श्रीमंत म्हणणार नाही असे लोकही त्यात अडकत गेले. एप्रिल २०२४ पासून हा पट्टा ६०,००० ते ८०,००० झाला. ६०,००० च्या वर प्रत्येक २०० पाउंडामागे मिळालेल्या बेनिफिटचा एक टक्का परत द्यायचा. म्हणजे ७०,००० उत्पन्न असेल तर निम्मे परत, ८०,००० ला सगळे.

पण बघा, हिशेब घराच्या उत्पन्नावर नाहीये, दोघांपैकी ज्याचं जास्त त्याच्या एकट्यावर आहे. समजा स्लाउमध्ये एक घर आहे, नवऱ्याला ८०,००० आणि बायको दोन लहान मुलांमुळे घरी. घरात येणार ८०,०००, आणि बेनिफिट पूर्ण परत. शेजारच्या घरात दोघंही नोकरी करतात, प्रत्येकी ५९,०००, घरात येणार १,१८,०००, आणि त्यांना एक पेनी परत द्यायची नाही. हा नियम कुणालाच आवडत नाही, मार्च २०२४ मध्ये तेव्हाच्या सरकारने म्हटलं होतं की घराच्या एकूण उत्पन्नावर नेऊ, ऑक्टोबरमध्ये नवीन सरकारने ते गुंडाळलं. कारणही कळतं, इथे इन्कम टॅक्स नवरा-बायकोचा वेगवेगळा मोजतात, दोघांचं एकत्र किती याची नोंद टॅक्स खात्याकडे अशी तयार नसतेच. पण नियम अन्यायाचा आहे तो आहेच, आणि एकाच कमावत्यावर चालणाऱ्या घरांना तो जास्त बसतो, आपल्याकडे नवीन आलेल्या कुटुंबांमध्ये अशी घरं पुष्कळ.

इथे एक सुटकेची वाट कायद्यातच आहे. जे उत्पन्न बघतात ते नुसता पगार नाही, पेन्शनमध्ये भरलेले आणि काही देणग्या वजा करून उरतं ते. पगार ७०,००० आणि त्यातले १०,००० पेन्शनमध्ये टाकले तर हिशेबाला ६०,००० च उरतात, परतफेड शून्य. पैसा कुठे गेला नाही, तुमच्याच म्हातारपणासाठी बाजूला पडला, टॅक्सही वाचला आणि मुलांचे पैसेही राहिले. सगळ्यांना जमेल असं नाही, लंडनमध्ये घराचा हप्ता भरून दहा हजार कुठून काढायचे, पण ६२-६३ हजारांवर असलेल्यांनी तरी जरूर बघावं.

आता समजा पगार एक लाख आहे, पैसे नक्की मिळणार नाहीत. तरीही क्लेम करायचा. का? तर नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापला जाणारा सरकारी हप्ता. इथलं सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला नॅशनल इन्शुरन्सची ३५ वर्षं लागतात. नोकरीत असलात तर पगारातून कापले जातात आणि वर्ष भरतं, पण मुलं सांभाळायला घरी बसलेल्या माणसाचं वर्ष रिकामं जातं. चाइल्ड बेनिफिटचा क्लेम त्या घरी असलेल्या पालकाच्या नावावर असेल तर सगळ्यात धाकटं मूल बारा वर्षांचं होईपर्यंत तिला, किंवा त्याला, ही वर्षं फुकट भरून मिळतात. फॉर्मवर एक पर्याय असतो की क्लेम करतोय पण पैसे पाठवू नका. तो निवडला की परतफेडीची कटकट नाही आणि वर्षं मात्र मिळत राहतात. माझ्या मते या सगळ्या योजनेतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली. आणि दुसरी चूक अशी होते की क्लेम नोकरी करणाऱ्याच्या नावाने करतात, "अकाउंट माझं आहे ना, मीच भरतो", मग ती वर्षं ज्याची आधीच भरलेली आहेत त्याच्याच नावावर पडतात आणि बायकोच्या खात्यात भोपळा. रॅथबोन बाई ऐंशी वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून भांडत होत्या. (आजी-आजोबा नातवंडं सांभाळत असतील तर आई आपली वर्षं त्यांना देऊ शकते असाही नियम आहे, पण ते इथले रहिवासी आणि पेन्शनच्या वयाच्या आतले हवेत, पुण्याहून सहा महिने आलेल्या आजीला काही नाही, तिने फुकट राबायचं.)

व्हिसाचा मुद्दा. स्किल्ड वर्कर किंवा त्याच्या डिपेंडंट व्हिसावर असाल तर व्हिसावर अट असते की सरकारी निधीतले बेनिफिट घ्यायचे नाहीत, आणि चाइल्ड बेनिफिट त्या यादीत आहे. मूल इथे जन्मलंय याने काही फरक पडत नाही, क्लेम करणाऱ्याची स्थिती बघतात. टॅक्स भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो, व्हिसाबरोबर दर मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पाउंड आरोग्याचा सरचार्ज वेगळा भरतो, तरी हे मिळत नाही, याचा राग येणं साहजिक आहे. पण रागाच्या भरात क्लेम करू नका, तो व्हिसाच्या अटीचा भंग धरला जातो आणि पुढे कायम राहण्याच्या परवान्याला नडू शकते. तो परवाना, आयएलआर, मिळाला की दुसऱ्या दिवशी क्लेम करा. तो आतापर्यंत या व्हिसावर साधारण पाच वर्षांनी मिळायचा, २०२५ मध्ये सरकारने तो काळ दहा वर्षांवर न्यायचं काढलंय, म्हणजे मूल पाचवीत जाईपर्यंत थांबायची पाळी काही घरांवर येणार.

आणि भारतात सुट्टीला जाणाऱ्यांसाठी: आठ आठवड्यांपर्यंत बाहेर राहिलात तर पैसे चालू राहतात, आजारपणाच्या उपचारासाठी किंवा जवळचं कुणी गेलं म्हणून गेलात तर बारा. त्यापुढे जाणार असाल तर कळवायचं. हे आता गमतीवारी घ्यायचं राहिलेलं नाही, कारण २०२५ मध्ये एचएमआरसीने विमानप्रवासाच्या नोंदी बघून पैसे बंद करायला सुरुवात केली. देश सोडल्याची नोंद दिसतेय, परत आल्याची दिसत नाही, म्हणजे हे लोक कायमचे गेले असं धरून सुमारे २३,५०० कुटुंबांचे पैसे थांबवले. झालं काय होतं, नॉर्दर्न आयर्लंडमधले लोक बेलफास्टहून विमानाने सुट्टीला गेले आणि डब्लिनमार्गे गाडीने घरी आले, तिथे सीमेवर पासपोर्टच बघत नाहीत, मग परतीची नोंद येणार कुठून? काहींनी तर तिकीट काढलं होतं आणि गेलेच नव्हते. माणूस घरात बसून नोकरी करतोय, त्याच्या पगारातून दर महिन्याला त्याच खात्याला टॅक्स जातोय, आणि तेच खातं त्याला विचारतंय की तुम्ही इथे राहता याचा पुरावा द्या. शेवटी माफी मागितली आणि यापुढे आधी पगाराच्या नोंदी तपासू असं सांगितलं. आपल्या लोकांनी यातून एवढंच घ्यावं की बोर्डिंग पास आणि शाळेच्या हजेरीची पत्रं लगेच फेकून देऊ नयेत.

आता दुसरी बाजू.

अवयवदानाच्या बाबतीत ब्रिटनने उलटा रस्ता धरला. पूर्वी आपल्याकडे आहे तसंच होतं, ज्याला द्यायचे आहेत त्याने नाव नोंदवायचं. वेल्सने १ डिसेंबर २०१५ पासून बदललं: नकार नोंदवला नसेल तर संमती आहे असं धरायचं. इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून, म्हणजे बरोबर कोविडच्या गोंधळात, त्यामुळे कितीतरी लोकांच्या कानावरच आलं नाही. स्कॉटलंड २६ मार्च २०२१ ला आणि नॉर्दर्न आयर्लंड १ जून २०२३ ला. इंग्लंडच्या कायद्याला लोक मॅक्स आणि किएराचा कायदा म्हणतात. किएरा बॉल ही डेव्हनमधली नऊ वर्षांची मुलगी, २०१७ मध्ये कार ॲक्सिडेंटमध्ये गेली, तिच्या वडिलांनी होकार दिला आणि तिचं हृदय मॅक्स जॉन्सन या नऊच वर्षांच्या मुलाला बसवलं. मॅक्स वाचला, दोन्ही घरांनी मोहीम केली, कायदा झाला. आणि गंमत बघा, तो कायदा त्या दोघांच्या वयाच्या मुलांना लागूच होत नाही. अठरा वर्षांखालच्यांची संमती धरली जात नाही, आई-वडिलांनाच विचारतात. स्कॉटलंडमध्ये तेवढं वय सोळा आहे.

अजून कुणाला लागू नाही? जे इथे राहून बारा महिने झालेले नाहीत ते, जे इथे नुसते आलेले आहेत ते, आणि आजारपणामुळे ज्यांना हा बदल समजण्याची क्षमता नाही ते. म्हणजे तुमचे आई-बाबा व्हिजिट व्हिसावर आले आणि दुर्दैवाने काही झालं तर त्यांची संमती कुणी परस्पर धरणार नाही, जवळच्यांनी स्वतःहून हो म्हटलं तरच. व्हॉट्सॲपवर मध्यंतरी जे फिरत होतं की इथे आलेल्या म्हाताऱ्यांचे अवयव विचारल्याशिवाय काढतात, तो निव्वळ मूर्खपणा आहे.

व्हिसा बघा कसा दोन्हीकडे वेगवेगळा चालतो. वर्क व्हिसावर दोन वर्षं राहिलेला माणूस मुलाच्या २६ पाउंडांसाठी "आमचा" नाही, पण अवयवांच्या कायद्यासाठी बारा महिन्यांतच "आमचा" झाला. हे कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, दोन कायदे दोन खात्यांनी वेगवेगळ्या वेळी केले आणि एकाने दुसऱ्याकडे बघितलं नाही एवढंच. पण खटकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे "धरून चालणं" प्रत्यक्षात कसं होतं. लोकांना वाटतं माणूस गेला की डॉक्टर लिस्ट बघतात, नकार नाही, चला. असं अजिबात नाही. पहिलं म्हणजे अवयव देता येतील अशा परिस्थितीत मृत्यू येणारे लोक शंभरात एखादा. घरी झोपेत गेलेला माणूस मोठे अवयव देऊ शकत नाही. आयसीयूमध्ये, व्हेंटिलेटरवर, बहुतेक वेळा डोक्याला जबर मार किंवा मेंदूत रक्तस्राव अशा वेळी हा प्रश्न येतो. मेंदूचं काम कायमचं थांबलंय हे दोन अनुभवी डॉक्टर दोनदा तपासून ठरवतात, आणि त्या डॉक्टरांचा प्रत्यारोपणाच्या टीमशी संबंध नसतो. त्यानंतर किंवा त्या सुमारास एक खास प्रशिक्षण घेतलेली नर्स घरच्यांना बाजूच्या खोलीत घेऊन बसते. ती आधी रजिस्टर बघून आलेली असते. होकार नोंदवलेला असेल तर ती सांगते, त्यांनी असं नोंदवून ठेवलं होतं. नकार असेल तर विषय तिथे संपतो. काहीच नसेल तर कायद्याने ते संमती धरू शकतात, पण ती विचारते: या विषयावर कधी काही बोलले होते का? आणि घरच्यांनी ठामपणे नको म्हटलं तर कायदा काहीही म्हणो, तिथे कुणी जबरदस्ती करत नाही.

म्हणजे नाव गृहीत संमतीचं, पण शेवटी निर्णय त्या खोलीतच होतो. आणि तिथे काय होतं ते आकडे सांगतात. माणसाने स्वतः होकार नोंदवलेला असेल तर दहातली नऊ घरं हो म्हणतात. काहीच नोंदवलेलं नसेल, नुसती गृहीत संमती असेल, तर निम्मीच. इंग्लंडचा कायदा आला तेव्हा देशभरात होकाराचं प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास होतं, आता ते ६० च्या आसपास आलंय. कायद्याने वाढायचं सोडून उतरलं. कोविडनंतर हॉस्पिटलवरचा विश्वास कमी झाला हेही कारण असेल, पण माझं मत विचाराल तर कायद्याने लोकांना असं वाटायला लावलं की आता आपल्याला काही करायची गरज नाही, आपोआप होतंय. आणि जो माणूस काही करत नाही तो घरीही काही बोलत नाही. मग त्या खोलीत बायको आणि मुलगा एकमेकांकडे बघत बसतात, गेलेल्या माणसाला काय हवं होतं कुणालाच माहीत नाही, आणि न माहीत असलं की माणूस "नको" म्हणतो, कारण नको म्हणणं त्या क्षणी सोपं आणि सुरक्षित वाटतं.

आपल्या लोकांमध्ये हे अजून जास्त. गोऱ्यांखेरीज इतर समाजांमध्ये होकार चाळीस टक्क्यांच्याही खाली आहे. आणि गरज मात्र आपल्याला जास्त, डायबेटिस आणि ब्लड प्रेशर घरोघरी, किडन्या त्यामुळे जातात. किडनी जुळायला ब्लड ग्रुप आणि टिशू टाइप लागतो, बी ग्रुप आपल्याकडे गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि टिशू टाइपही आपल्यातल्याच माणसाचा जुळायची शक्यता अधिक. देणारे कमी, घेणारे जास्त, त्यामुळे एशियन पेशंट डायलिसिसवर जास्त दिवस काढतो. देशात आज प्रत्यारोपणाची वाट बघणारे ८,००० हून जास्त आहेत.

धर्माचं म्हणाल तर हिंदू धर्मात कुठेही मनाई नाही, दधीची ऋषींनी हाडं दिली ती गोष्ट लहानपणी ऐकलेलीच आहे आपण. खरी भीती वेगळी असते: अंत्यसंस्काराला उशीर होईल, चेहरा बिघडेल, सगळं शरीर चिरतील. शरीर व्यवस्थित शिवून, स्वच्छ करून घरच्यांच्या ताब्यात देतात, शेवटचं दर्शन घेता येतं, अंघोळ घालून नवे कपडे घालता येतात. आणि उशिराचं म्हणाल तर अवयव दान करण्यात एखादा दिवस जातो, इथे स्मशानाची वेळ मिळायलाच आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यात तो एक दिवस कुठे दिसतही नाही. भारतात तासांचा प्रश्न असतो, इथे नसतो.

नोंद करायची कशी? एनएचएसच्या ॲपमध्येच आहे, पाच मिनिटं पण लागत नाहीत. सगळे अवयव द्यायचे, की काही द्यायचे आणि काही नाही (पुष्कळांना डोळ्यांचं नको वाटतं, तेवढा एक काढता येतो), की काहीच नाही, तिन्ही पर्याय आहेत. आपल्या वतीने निर्णय घ्यायला एक-दोन माणसं नेमता येतात. आणि एक प्रश्न असतो की तुमच्या श्रद्धेप्रमाणे सगळं व्हावं यासाठी आम्ही घरच्यांशी बोलावं का, तिथे हो करून ठेवा. नकार हवा असेल तर तोही नोंदवा, त्यात काही वाईट नाही, नुसतं मनात ठेवून उपयोग नाही. चेहरा, हात, गर्भाशय असल्या दुर्मिळ प्रत्यारोपणांची संमती कधीच धरली जात नाही, त्याला वेगळं विचारतात.

ड्रायव्हिंग लायसन्स काढताना पण हा प्रश्न येतो, तसा तो भारतातल्या लायसन्सच्या फॉर्मवरही आहे. इथे २०१३ मध्ये सरकारने एक प्रयोग केला होता, गाडीचा टॅक्स किंवा लायसन्सचं काम ऑनलाइन झालं की "धन्यवाद" च्या पानावर रजिस्टरमध्ये नाव घाला असं लिहिलेलं असायचं, तर त्या मजकुराचे आठ प्रकार करून दहा लाखांहून जास्त लोकांवर तपासले. हसऱ्या माणसांचा ग्रुप फोटो लावला तो प्रकार साध्या मजकुरापेक्षाही वाईट चालला, लोकांना जाहिरात वाटली असणार. सगळ्यात चांगला चालला तो सरळ प्रश्न: तुम्हाला अवयवाची गरज पडली तर घ्याल का? घेणार असाल तर दुसऱ्याला मदत करा. नुसती चार शब्दांची फिरवाफिरव, आणि वर्षाला हजारोंनी नावं जास्त येतील असा हिशेब निघाला. विचारल्याने फरक पडतो, गृहीत धरल्याने तेवढा पडत नाही, हे सरकारला कायदा करायच्या आधीच माहीत होतं म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात दोन्हीचं गणित वेगळं आहे. "लेक लाडकी" या सरकारी योजनेत पिवळ्या किंवा केशरी रेशन कार्डवाल्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात, म्हणजे उत्पन्नाची चाळणी आधी आणि पैसे नंतर, इथे पैसे आधी आणि चाळणी टॅक्समधून नंतर. आणि अवयवदानाला भारतात १९९४ चा कायदा, कार्ड भरलेलं असो नसो, घरच्यांची सही लागतेच. कागदावर दोन देश दोन टोकांना, आयसीयूच्या बाहेरच्या खोलीत मात्र दोन्हीकडे तेच चालतं, घरचे काय म्हणतात.

ज्यांची मुलं आता मोठी होतायत त्यांच्यासाठी शेवटचं एक. मूल सोळाचं होतं त्या वर्षी एचएमआरसीचं पत्र येतं, पुढे शिकणार आहे का? त्याला उत्तर दिलं नाही तर ३१ ऑगस्टनंतर पैसे बंद, खातं स्वतःहून कॉलेजला विचारायला जाणार नाही. उत्तर दिलंत आणि मुलगा ए लेव्हल (इथली अकरावी-बारावी) करतोय, तर विसावा वाढदिवस येईपर्यंतही चालू राहू शकतात, युनिव्हर्सिटीत गेला की संपले. तोच मुलगा मधेच कधीतरी अठराचा होतो आणि त्या दिवसापासून अवयवांच्या कायद्यात त्याची गृहीत संमती लागू होते. म्हणजे वर्ष-दीड वर्ष असं असतं की आईच्या खात्यात त्याच्या नावाने "मूल" म्हणून पैसे येतायत आणि दुसऱ्या खात्याच्या लेखी तो हो म्हटलेला मोठा माणूस आहे. पत्राला उत्तर देताना पोराला शेजारी बसवा आणि त्याच्या फोनवर एनएचएसचं ॲप उघडायला सांगा, त्याला जे हवं ते त्याने भरावं, तुम्ही फक्त काय भरलं ते विचारून ठेवा.